भरल्या टाकीवर टकटक

संकटांनाही माणसांसारखे स्वभाव असतात. भूकंप हा शीघ्रकोपी. बोलणे नाही, चालणे नाही, एकदम हात उगारतो. पूर हा गाजावाजा करणारा पाहुणा. आरडाओरडा करीत येतो आणि जाताना अंगणभर चिखल करून जातो. वादळांची तर हल्ली नावेही आधीच ठरलेली असतात. ती किनाऱ्याला लागण्यापूर्वीच वर्तमानपत्रांत त्यांचे बारसे उरकलेले असते. दुष्काळ मात्र या साऱ्यांहून निराळा. तो कडी वाजवीत नाही. तो घरात कधी शिरला हे घरातल्यांनाच कळत नाही, आणि कळते तेव्हा तो ओसरीवर नसतो, माजघरात पाय पसरून बसलेला असतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. शब्द फोडून दाखवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तेव्हा सवयीने मी 'दुष्काळ' हा शब्दही एकदा फोडून पाहिला. 'अवर्षण' म्हटले की त्यात पाऊस आहे, निदान त्याची अनुपस्थिती आहे. 'टंचाई' म्हटले की त्यात काहीतरी कमी पडल्याची तक्रार आहे. पण 'दुष्काळ' या शब्दात पाणी नाही, पाऊस नाही, धान्य नाही. त्यात आहे तो फक्त काळ, वाईट काळ. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांना एक गोष्ट नक्की कळलेली असावी. पाणी किती आहे यापेक्षा ते आपण कधी मोजतो, यालाच महत्त्व अधिक.

हे सारे सुचण्याचे निमित्त मात्र बरेच दूरदेशीचे आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे. सहा-सात महिने समुद्रावर असतो, मग सुट्टीवर आला की पहिल्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला येतो. असाच एकदा आला असताना वरणभात कालवता कालवता म्हणाला,

"मावशी, आमच्या जहाजाच्या पाठीवर काय लिहिलंय माहीत आहे? माजुरो!"

"म्हणजे काय? बोटीचं नाव?"

"नाव नव्हे गं, गाव. जहाजाची नोंदणी जिथली, त्या बंदराचं नाव मागे लिहावं लागतं. मार्शल बेटांची राजधानी आहे ती. जगातली हजारो जहाजं तिथं नोंदलेली आहेत. मालक ग्रीक, माल भलत्याच देशाचा, मी मुलुंडचा, आणि पत्ता माजुरोचा!"

"मग तू पाहिलंस का ते गाव?"

"मी कसला पाहतोय! आमच्या बोटीनंसुद्धा पाहिलेलं नाही."

आम्ही सारे हसलो. माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. त्या माण तालुक्यातल्या. माणसाची चौकशी सुरू करायची ती पाण्यापासून, अशी तिकडची रीत. त्यांनी विचारले,

"आन् बोटीवर प्यायचं पानी कुठनं आनता रं?"

"समुद्राचंच करतो, आजी. इंजिनाची उष्णता एरवी वाया जाते ना, तिच्यावर खारं पाणी उकळायचं आणि वाफेचं पुन्हा पाणी करायचं. इंजिन चालू आहे तोवर पाणी. शिवाय रोज सकाळी टाक्यांत फीत सोडून मोजतो. साउंडिंग म्हणतात त्याला."

"आमीबी मोजायचो की," सासूबाई म्हणाल्या. "बारवंच्या पायऱ्या. पान्यावर किती पायऱ्या उघड्या पडल्यात ते बघायचं. संक्रांतीलाच सातवी पायरी दिसली, का आमचं मामंजी म्हनायचं, जनावरं इकायची तर आत्ता इका. शिमग्याला कोन फुकट बी घेत न्हाई."

"आणि बहात्तर साली?" मी विचारले.

"बहात्तरला मोजायला पायरीच ऱ्हायली न्हवती."

एक बोटीवरचा, एक माणदेशातली. पण दोघांचा धर्म एकच. पाणी संपण्याची वाट न पाहता पाणी मोजणे. मग माझ्या मनात आले, ज्या माजुरोचे नाव पाठीवर घेऊन आमचा मुलगा जगभर हिंडतो, त्या माजुरोचे लोक काय मोजत असतील? त्यांच्याकडे बारव नाही, नदी नाही आणि चालते इंजिनही नाही. पुढे कित्येक दिवस फावल्या वेळात मी त्या बेटांविषयी मिळेल ते वाचत राहिले. त्यातले थोडे वाचकांपुढे ठेवते.

पॅसिफिक महासागराचा नकाशा उघडला तर ही बेटे दिसत नाहीत; दिसतात ती नुसती त्यांची नावे. मार्शल बेटे म्हणजे २९ कंकणद्वीपे आणि ५ सुटी बेटे. सगळ्यांची मिळून जमीन १८१ चौरस किलोमीटर. त्यांच्या दक्षिणेला किरिबाटी, आणि विषुववृत्त ओलांडून आणखी खाली गेले की तुवालू. तुवालूची जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तसे तीन देश सहज मावतील. या देशांची नावे आपल्या कानांवर येतात ती 'बुडणारी बेटे' म्हणून. समुद्र चढतो आहे आणि ही बेटे त्याच्या पोटात जाणार, असे आपण वाचतो आणि हळहळतो. ते खोटे नाही. पण बुडण्याच्या आधी तहान आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

तहान? भर समुद्रात, आणि तीही पावसाच्या प्रदेशात? हो. तुवालूची राजधानी फुनाफुती येथे वर्षाला सरासरी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या मुंबईपेक्षा तो हजारभर मिलिमीटर जास्तच. तरीही तिथे दुष्काळ पडतो, आणि असा पडतो की सरकारला आणीबाणी पुकारावी लागते. याचे कारण पावसात शोधायचे नाही, जमिनीत शोधायचे. मुंबईचा पाऊस चार महिन्यांचा. म्हणून आपण उरलेल्या आठ महिन्यांसाठी तानसा, वैतरणा, भातसा बांधून ठेवली. फुनाफुतीचा पाऊस बारमाही. म्हणून तिथली साठवण काही आठवड्यांच्या हिशेबाची. शिवाय धरण बांधायचे म्हटले तरी कुठे बांधणार? डोंगर नाही, दरी नाही, ओढा नाही. प्रवाळाची जमीन म्हणजे चाळणीच. वरून पडलेले खालून गेले. तेव्हा घराचे छप्पर हेच पाणलोट क्षेत्र, पन्हळ हीच नदी आणि दाराशी ठेवलेली टाकी हेच धरण.

माजुरोची गंमत तर याहून मोठी. तिथले सगळ्यांत मोठे सपाट छप्पर म्हणजे विमानतळाची धावपट्टी. तिच्यावर पडलेला पाऊस गटारांवाटे शेजारच्या तळ्यांत नेतात, शुद्ध करतात आणि नळाने गावाला देतात. ज्या फरशीवर विमान उतरते, त्याच फरशीवर राजधानीचे पिण्याचे पाणी उतरते.

काही बेटांना जमिनीखालीही गोड्या पाण्याचा आधार असतो. किरिबाटीच्या तारावा बेटावर असा साठा आहे. आमटीवर तेलाचा तवंग तरंगावा तसे मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन नावाच्या डच अधिकाऱ्याने आणि पुढे १९०१ साली हेर्त्झबेर्ग या जर्मनाने त्याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी वीतभर असेल, तर खाली ते चाळीस वीत असू शकते. ऐकायला हे फार छान वाटते. पण हाच हिशेब उलटाही चालतो. वरची वीतभर पातळी उतरली की खालून खारे पाणी चाळीस विती वर सरकू पाहते. उपसा थांबवला नाही तर एक दिवस विहिरीचे पाणी मचूळ लागते, आणि ती विहीर पुन्हा गोडी व्हायला मोठा पाऊस आणि मोठा काळ लागतो.

म्हणजे एकाच बेटावर दुष्काळाची तीन घड्याळे चालू असतात. छपराच्या टाकीचे घड्याळ आठवड्यांचे. फणसाच्या जातीतले ब्रेडफ्रूटचे झाड आणि खड्ड्यांत लावलेले मोठे अळकूड यांचे घड्याळ महिन्यांचे. या अळकुडाला किरिबाटीत 'बाबाई' म्हणतात. आणि जमिनीखालच्या तवंगाचे घड्याळ त्याहूनही संथ. टाकी भरलेली असताना विहीर बिघडत असू शकते. विहीर गोड असताना टाकी कोरडी पडू शकते. म्हणून 'पाऊस झाला का?' हा आपला नेहमीचा प्रश्न तिथे अपुरा पडतो. किती महिन्यांचा पाऊस, आणि कशासाठी, हे विचारावे लागते.

त्याची रीत फार सोपी आहे. मला, भाषेच्या बाईला, समजली म्हणजे कुणालाही समजावी. समजा एका बेटावर साठ वर्षांच्या पावसाची नोंद आहे. यंदाच्या गेल्या तीन महिन्यांचा पाऊस घ्यायचा, आणि गेल्या साठ वर्षांतल्या त्याच तीन महिन्यांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे. यंदाचा आकडा तळच्या सहांच्या रांगेत जाऊन बसला, तर घंटा वाजवायची. मग हेच सहा महिन्यांसाठी करायचे, आणि बारा महिन्यांसाठीही. ऑस्ट्रेलियातल्या गिब्ज आणि माहर या दोघांनी १९६७ साली ही दशांशांची पद्धत मांडली. १९९३ साली अमेरिकेत पावसाच्या तुटीचा आणखी एक निर्देशांक निघाला आणि आज तो जगभर वापरला जातो. पण मुळातली कल्पना सासूबाईंच्या पायऱ्यांचीच आहे. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. हा आकडा या दिवसांत, या गावी, नेहमीचा आहे की नाही, याला अर्थ आहे. सातवी पायरी शिमग्याला दिसली तर रीतच आहे; संक्रांतीला दिसली तर ती सूचना आहे.

मग हे इतके सोपे असताना अडते कुठे? पहिली अडचण बेटाच्या आकाराची. जगाच्या हवामानाचे गणित करणारी यंत्रे पृथ्वीवर चौकटी आखून काम करतात, आणि एका चौकटीत असली डझनभर बेटे हरवून जातात. यंत्राच्या लेखी तिथे समुद्रच असतो. आणि समुद्राला कधी दुष्काळ पडतो का? अमेरिकेत दर आठवड्याला निघणारा दुष्काळाचा नकाशा १९९९ साली सुरू झाला. त्यात मार्शल बेटे आणि आसपासची बेटे नियमाने येऊ लागली ती २०१९ साली. तेव्हा शेवटी भरवसा बेटावरच्या पर्जन्यमापकावर, आणि तो रोज सकाळी न चुकता वाचणाऱ्या माणसावर. तो माणूस आठवडाभर आजारी पडला, तर देशाच्या दुष्काळाच्या वहीत आठवडाभर कोरे पान राहते.

दुसरी अडचण पुढे काय होणार हे सांगण्याची. आणि इथे या गोष्टीचा धागा अगदी अनपेक्षितपणे आपल्याकडे येतो.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात मोठाले दुष्काळ पडले. १८९९ साली पाऊस फिरला आणि लाखो माणसे दगावली. पुढच्या पावसाचा अंदाज आधी कळावा म्हणून सरकारने १९०४ साली हवामान खात्यावर एक केंब्रिजचा गणिती आणून बसवला. त्याचे नाव गिल्बर्ट वॉकर. गृहस्थ मोठा छांदिष्ट. बासरीचा शोकीन, आणि बूमरँगवर त्याने शास्त्रीय निबंध लिहिलेले. पण कामाला बसला तो वीस वर्षे बसला. आपल्या कारकुनांना हाताशी धरून त्याने जगभरच्या वायुभाराचे, तापमानाचे, पावसाचे आणि नद्यांच्या पुराचे आकडे हाताने जुळवले. त्यातून त्याला असे दिसले की हिंदी महासागर आणि पॅसिफिक हे बागेतल्या सी-सॉवर बसलेल्या दोन मुलांसारखे आहेत. इकडचा वायुभार वर गेला की तिकडचा खाली. या झोक्याला त्याने 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले, आणि १९२४ साली तो मायदेशी परतला. त्याचे कार्यालय सिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस'च म्हणतात. रिक्षावाल्याला सांगून पाहा.

वॉकरला आपल्या पावसाचे कोडे पुरते सुटले नाही. पण १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की वॉकरचा झोका आणि पेरूच्या किनाऱ्यावरचा कोळ्यांच्या ओळखीचा एल निनो ही एकाच घरातली भावंडे आहेत. त्यानंतर पॅसिफिकवर लक्ष ठेवण्याला अर्थ आला. १९९४ सालापर्यंत विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना सुमारे सत्तर बोये नांगरून ठेवण्यात आले. समुद्राच्या पोटातले तापमान ते अहोरात्र कळवू लागले. ते पाणी तापू लागले किंवा निवू लागले की कोणत्या बेटावर पुढे काय होण्याचा संभव आहे, हे काही महिने आधी सांगता येऊ लागले. आपल्या दुष्काळाने पेरलेले हे ज्ञान. त्याचे पीक उगवले ते मात्र हजारो मैलांवरच्या टाक्यांशी.

या झोक्याचा दुसरा अर्थ कळला तेव्हा मी जरा गप्प झाले. एल निनो आला की आपल्याकडे बहुधा पाऊस रुसतो. त्याची बहीण ला निना आली की आपण सुखावतो. पण ला निना आली की तुवालू आणि किरिबाटीवरचे ढग पश्चिमेकडे सरकतात. २०११ साली आपल्याकडे पाऊस चांगला झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर तुवालूने आणीबाणी जाहीर केली. फुनाफुतीत कुटुंबाला दिवसाला दोन बादल्या, म्हणजे ४० लिटर पाणी मिळू लागले. दिवाळीच्या पहाटे आपल्याकडे उटणे लावून एकटा माणूस तेवढे पाणी अंगावर घेतो. न्यूझीलंडच्या विमानांतून खारे पाणी गोडे करणारी यंत्रे आणावी लागली. २०२२ साली देशाचा पाऊस सरासरीच्या १०६ टक्के झाला, आपली धरणे भरली. आणि त्याच साली जूनमध्ये किरिबाटीने, नोव्हेंबरमध्ये तुवालूने पुन्हा आणीबाणी पुकारली. आपला सुकाळ तो त्यांचा दुष्काळ. यात कुणाचा दोष नाही. पण भरल्या धरणाचे चित्र पाहताना आता मला तो झोका आठवतो.

मार्शल बेटांचे मात्र उलट. तिथे दुष्काळ येतो तो एल निनोच्या पाठोपाठ, म्हणजे आपल्याच बरोबरीने. २०१५ साली आपला पाऊस ८६ टक्क्यांवर थांबला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मार्शल बेटांच्या अध्यक्षा हिल्डा हाइन यांनी दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर केली होती. लातूर आणि माजुरो यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नसेल. पण त्या वर्षी दोघांची घागर एकाच कारणाने रिकामी होती.

आता सूचना मिळून उपयोग काय होतो, ते पाहू. १९९७ साली प्रचंड एल निनो उठला. पॅसिफिकमधल्या अमेरिकी संबंधातल्या बेटांसाठी १९९४ साली एक अंदाज-केंद्र निघाले होते. त्याने दुष्काळ येण्यापूर्वी कित्येक महिने इशारा दिला. सरकारांनी दुष्काळ समित्या नेमल्या, गळके नळ दुरुस्त करवले, लोकांना टाक्या साफ करायला सांगितले. तरीही १९९८ साली माजुरोच्या नळाला चौदा दिवसांतून सात तास पाणी, अशी पाळी आली. मग सूचनेने साधले काय, असे कुणी विचारील. दुष्काळ टळला नाही हे खरे. सूचनेने पाऊस पडत नाही. पण चौदा दिवसांतले सात तास तरी पाणी होते, ते आधीपासून राखले म्हणून. आणखी एक गंमत पाहा. त्याच १९९७ साली, एवढा मोठा एल निनो असूनही, आपल्याकडचा पाऊस सरासरीइतका झाला. म्हणजे झोका हाही काही घड्याळाचा लंबक नव्हे. त्याचे बोलणे 'होईल' असे नसते. 'होण्याचा संभव अधिक' असे असते.

हा 'संभव' शब्द मोठा अवघड. दहापैकी सहा वेळा पाऊस कमी पडेल, असे शास्त्रज्ञ सांगतो. ऐकणारा ऐकतो, पाऊस पडणार नाही. मग उरलेल्या चारांपैकी एखादी वेळ आली आणि पाऊस पडला, की सांगणारा खोटा ठरतो. आपल्याकडे पंचांगातला पाऊस बेडकावर बसून आला की गाढवावर, यावरून चर्चा होते आणि तो चुकला तरी पुढच्या वर्षी पंचांग पुन्हा घरात येते. हवामान खात्याला तेवढे अभय नाही. लहान बेटावर तर हवामान खाते म्हणजे कुणाचा तरी शेजारी, कुणाचा तरी मेहुणा. त्याचा अंदाज चुकला की देवळाच्या पायरीवरही त्याला बोलणी खावी लागत असणार. म्हणून व्हानुआटूसारख्या देशाच्या हवामान खात्याने गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या पारंपरिक खुणाही, म्हणजे झाडांचा बहर आणि पाखरांची चाल, टिपून ठेवायला घेतल्या आहेत. लोकांना कळणाऱ्या भाषेत सांगितले तर लोक ऐकतात. आमच्या सहदेव-भाडळीचे मोठेपणही त्यातच होते. ते खरे किती ठरायचे यापेक्षा ते शेतकऱ्याच्या तोंडी बसायचे.

क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचे झालेले बार्बाडोसच घ्या. सोबर्सच्या त्या बेटावर कॅरिबियन देशांची हवामानशास्त्राची संस्था आहे. जानेवारी २००९ मध्ये तिने दुष्काळावर नजर ठेवणारे एक जाळे उभे केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुष्काळ त्याची परीक्षा घ्यायला हजर झाला. पॅसिफिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने जी पत्रके निघतात, त्यांच्या नावातच 'लवकर कृती' हे शब्द घातले आहेत. मला ते नाव आवडले. कारण खरी अडचण अंदाजाची नाही, ती कृतीची आहे. कृती करायची असते टाकी भरलेली असताना, आणि भरल्या टाकीवर टकटक करणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

याचा अनुभव आमच्या सोसायटीत मला घरबसल्या मिळाला. जुलै २०२३ मध्ये मुंबईत दहा टक्के पाणीकपात लागू झाली. बाहेर धो धो पाऊस! आमच्या खालच्या मजल्यावरचे काका छत्री झटकत झटकत जिन्यात उभे राहून म्हणाले, "बाई, हा विनोद नव्हे काय? आभाळ फाटलंय आणि नळाला कपात!" मी म्हटले, "काका, पाऊस मुलुंडला पडतोय. तलाव शहापूर-इगतपुरीकडे आहेत. त्यांच्या तळाशी थोडंच उरलंय." काकांना ते पटले नाही. पुढे ऑगस्टमध्ये तलाव भरत आले आणि कपात उठली. काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? उगाच कपात केली!" काकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. वाचलेल्या पाण्याचा हंडा कुणी डोळ्यांनी पाहिला आहे?

आपल्या दुष्काळाच्या कथांत दामाजीपंत आहेत. मंगळवेढ्याच्या त्या भल्या माणसाने दुष्काळात बादशाही कोठारे रयतेला खुली केली आणि त्याची भरपाई करायला साक्षात विठ्ठल बिदरला गेला. लहानपणी ही कथा ऐकताना माझे डोळे भरून येत. आजही येतात. पण त्या बेटांविषयी वाचताना मनात आले, दामाजीपंतांच्या आधी आणखी एक माणूस लागतो. सुगीच्या दिवसांत, सारे हसत असताना, जो कोठाराची मापे मोजतो आणि म्हणतो, 'यंदा थोडे जपून.' त्याच्यासाठी विठ्ठलाला धावावे लागत नाही, म्हणून त्याची कथा होत नाही. आलेल्या दुष्काळावर आपल्या भाषेत कितीतरी लिहिले गेले. न आलेल्या, किंवा निम्म्यावर अडवलेल्या दुष्काळाची बखर मात्र कुणी लिहिली नाही.

मोठ्या देशाला थोडा उशीर चालून जातो. एका जिल्ह्यात पाणी नसले तर दुसऱ्या जिल्ह्यातून गाडी भरून आणता येते. साडेतीनशे किलोमीटरवर मिरज असते. फुनाफुतीपासून साडेतीनशे किलोमीटरवर समुद्रच असतो. तिथे उशिरा कळणे म्हणजे विमानाची वाट पाहत बसणे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२२ साली जाहीर केले की २०२७ सालाच्या अखेरीपर्यंत जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत संकटाची पूर्वसूचना पोचली पाहिजे. संकल्प चांगला आहे. पण सूचना पोचणे निराळे आणि ती मानणे निराळे. मानण्याचे काम कोणत्याही उपग्रहाला करता येत नाही. ते ज्याच्या त्याच्या घरीच व्हावे लागते.

भाचा आता पुन्हा समुद्रावर आहे. परवा त्याचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातून फोन घेतला आणि जेवण, झोप, पगार यांपैकी काहीच न विचारता एवढेच विचारले, "टाक्या मोजल्या का रं आज?"